कोचीहून पत्र: आप्पांचं लिंबू आणि इथलं युझु

कोची, जपान
२३ डिसेंबर

ती. आप्पा, ती. आई, ती. आजी यांना साष्टांग नमस्कार, आणि छोटूला आशीर्वाद.

छोटू, हे तू आधी मनात वाच आणि मग आजीजवळ बसून मोठ्याने वाच, तिच्या डाव्या बाजूला बस म्हणजे तिला नीट ऐकू येईल, आणि लांब आहे म्हणून मधलं गाळू नको. व्हिडिओ कॉलवर मला काही सांगताच येत नाही, आजी "जेवनी का व माय" एवढं विचारते, मी हो म्हणते, तेवढ्यात तिच्या डोळ्याला पाणी येतं आणि मग आई फोन घेते. म्हणून आज सुट्टी आहे तर बसून टाइप करतेय.

आई परवा म्हणाली की आजीच्या तोंडाला चवच राहिली नाही. भरताची वांगी आली, कळण्याची भाकरी केली, तरी दोन घास खाऊन ताट सरकवलं. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय आणि ती एका फळाची आहे.

आप्पा, इथे एक फळ आहे, युझु म्हणतात त्याला. दिसायला लिंबाच्या मोठ्या भावासारखं, पिवळंधम्मक, पण साल अशी खडबडीत की वाटतं झाडावरच सुकलं की काय. आधी सांगून ठेवते, हे कोची म्हणजे केरळातलं नाही हां, मागे काकांना तसंच वाटलं होतं. जपानच्या खालच्या अंगाला शिकोकू नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिणेला हा जिल्हा, समोर समुद्र आणि मागे नुसते डोंगर, जवळपास ८४ टक्के जमिनीवर जंगल आहे, जपानात सगळ्यात जास्त. आणि अख्ख्या जपानात जेवढं युझु पिकतं त्यातलं साधारण निम्मं एकट्या या जिल्ह्यातून जातं. म्हणजे रावेर-यावलला जशी केळी तसं इथे युझु. डोंगराच्या उतारावर दगडाच्या पायऱ्या पायऱ्या करून झाडं लावलेली असतात, आपल्यासारखं सपाट रान नाही, गिरणेसारखं पसरलेलं पात्र नाही, नदीसुद्धा डोंगरातून वाट काढत धावते.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात मी पहिल्यांदा ते विकत घेतलं. इथे दर रविवारी बाजार भरतो, किल्ल्याच्या पायथ्यापासून सरळ एक रस्ता आहे त्यावर साधारण किलोमीटरभर, १६९० पासून भरतो. आपल्या आठवडे बाजारासारखाच, म्हाताऱ्या बाया आपल्या शेतातलं घेऊन बसतात, आलं, मुळे, लोणची, सुकवलेली फळं. आलं तर जपानात सगळ्यात जास्त इथलंच, आणि वांगीसुद्धा. मला त्या बाजारात गेलं की घरी आल्यासारखं होतं, फक्त कोणी ओरडून भाव सांगत नाही एवढंच. तर एका आजीबाईंकडून मी ३०० येनला पाच युझु घेतले. मोसंबीसारखं सोलून खायचं असेल असं मला वाटलं होतं.

खोलीवर आले आणि आप्पा, तुमचीच परीक्षा लावली. मला ती पाठ आहे. बांधावर उकिडवं बसायचं, फळ तळहातावर दोनदा उडवून वजन बघायचं, नखाने साल टोकरायची, विळ्याने आडवं कापायचं, बिया मोजायच्या, आणि सगळ्यात शेवटी पिळून रस. साई शरबती लिंबाला पहिलं फळ आलं तेव्हा तुम्ही असंच करून मला दहापैकी मार्क सांगायला लावले होते, मी तेव्हा पाचवीत होते आणि मी दहा म्हटलं तर तुम्ही म्हणालात दहा कधी कोणाला द्यायचे नाहीत, झाडाला अजून वाढायचं असतं.

तर युझु हातात हलकं लागलं. किचनच्या काट्यावर ११८ ग्रॅम भरलं म्हणजे आपल्या दोन-अडीच लिंबांएवढं, पण आकार बघता जड हवं होतं. साल जाड, आतल्या गरापासून सुटलेली, दाबलं की पोकळ लागते. तुम्ही असली साल बघितली असती तर फळ तिथेच खाली ठेवलं असतं, कागदी लिंबाची साल कशी कागदासारखी पातळ पाहिजे. कापलं तर आत बियाच बिया, २३ निघाल्या एका फळात, आणि त्या पण टपोऱ्या. पिळलं तर रस दोन चमचे, मोठे चमचे, पण दोनच. फोड तोंडात टाकली तर आंबट, थोडं कडवट, दात आंबले, आणि चावायला गर म्हणावा असा हाती लागतच नाही. मी वहीत लिहून ठेवलं होतं ते अजून आहे: वजन ४, साल २, बी १, रस ३, खायला २. मी त्या वहीत खाली लिहिलंय "पैसे वाया, आप्पांच्या लिंबाला तोड नाही".

उरलेले चार मी टेबलावर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी दार उघडलं आणि खोलीभर जो वास भरला होता तो मला सांगता येत नाहीये पण प्रयत्न करते. आपल्या लिंबाचा वास टोकदार असतो, नाकात सुई गेल्यासारखा, लगेच जातोही. हा वास रुंद आहे. त्यात संत्र्याची साल आहे, लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तो हिरवा वास आहे, कुठेतरी फुलासारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी मला ओव्याचा भास होतो, खरंच, ओवा तव्यावर टाकल्यावर येतो तसा. थकून आले होते, पायातले मोजेसुद्धा न काढता तशीच उभी राहिले.

तरी मार्क मी बदलले नाहीत. ते बदलले आमच्या केंद्रातल्या एका आजोबांमुळे.

तुम्हाला माहितीये मी जिथे काम करते तिथे सगळे ऐंशी-नव्वदच्या पुढचे. हे आजोबा वरच्या डोंगरातले, आयुष्यभर युझुची शेती केलेली, आता मुलं शहरात आणि बाग दुसऱ्याकडे. फार बोलत नाहीत. मी त्यांचे हात पुसत होते तर मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बारीक रेघा, जुन्या ओरखड्यांच्या. आप्पा, मला विचारावं लागलं नाही. तुमच्या हातावर आहेत तशाच त्या, लिंबाच्या काट्याच्या. मी माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं, माझे वडील पण लिंबू करतात. ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले.

त्यानंतर रोज थोडं थोडं सांगायला लागले. युझुचे काटे आपल्या लिंबापेक्षा लांब, बोटभर, तोडणीला जाड चामड्याचे हातमोजे घालतात आणि कात्रीने देठ कापतात, कारण काटा फळाला लागला की सालीवर डाग पडतो आणि डागाचं फळ रसाला जातं, त्याला भाव कमी. ऑगस्टपासून हिरवं तोडतात, ऑक्टोबर संपता संपता पिवळं सुरू होतं. कलम काराताची नावाच्या तीन पानी काटेरी झुडपावर बांधतात, म्हणजे आपल्याकडे मोसंबीला रंगपूर किंवा जंबेरीचा खुंट असतो तसं. कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं. पण बीपासून वाढवलेल्या झाडाला इतकी वर्षं लागतात की त्यावर म्हणच आहे इथे, पीचला आणि चेस्टनटला तीन वर्षं, काकी नावाच्या फळाला आठ, आणि महामूर्ख युझुला अठरा. तरी ते म्हणाले की वास बघायचा तर बीच्या झाडाचा बघ. त्यांच्या वडिलांनी लावलेलं होतं तसं एक.

मी त्यांना विचारलं की याला रसच नाही हो, मग कशासाठी एवढे काटे खायचे. तेव्हा त्यांनी ताटातलं माझं पिळलेलं अर्धं साल उचललं, पिळलेलं म्हणजे आपण उकिरड्यावर टाकतो ते, आणि माझ्या नाकासमोर धरून दोन बोटांनी दुमडलं. बारीक फवारा उडाला. ते म्हणाले "इथं आहे".

मला त्या रात्री झोप नाही आली. आपण वर्षानुवर्षं लिंबू पिळून साल फेकतोय. लोणच्यात घालतो तेवढंच काय ते. एवढा मोठा बाग आपला, आणि सालीला मार्क देताना आपण फक्त पातळ आहे का एवढंच बघितलं, म्हणजे जेवढी कमी तेवढी चांगली.

मग मी पुन्हा पहिल्यापासून चव घेतली, या वेळी इथले लोक घेतात तशी.

किसणीवर नुसता वरचा पिवळा पापुद्रा, पांढरं अजिबात नाही, आणि तो गरम मिसो सूपवर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपवर, वाटी पुढे करायच्या अगदी त्या क्षणाला टाकायचा. आधी टाकला तर वास उडून जातो. चिमूटभर, तुरीएवढे दोन-तीन तुकडे पण चालतात. झाकण काढलं की वास आधी येतो आणि चव मागून. नऊ मार्क.

रस नुसता प्यायला नाही, पण भातात चांगला. इथल्या खेड्यांत सुशीच्या भाताला व्हिनेगरऐवजी युझुचा रस घालतात आणि वर मासा नाही तर भाज्या ठेवतात, बांबूचे कोंब, मशरूम, आल्यासारखी एक गुलाबी कळी असते ती. त्या भातात कधीकधी मासा कालवलेला असतो म्हणून मी आधी विचारून घेते, आजी काळजी करू नको. आंबटपणा लिंबासारखा अंगावर येत नाही, भात खाऊन झाल्यावर मागे रेंगाळतो. आठ. जुन्या काळी डोंगरात मीठ महाग होतं, म्हणून किटागावा गावच्या नाकाओका शिन्तारो नावाच्या माणसाने लोकांना युझु लावायला सांगितलं असं म्हणतात, म्हणजे मिठाची उणीव याने भागेल. तो १८३८ चा जन्मलेला, पुढे मोठ्या राजकारणात पडला आणि १८६७ मध्ये क्योतोत मारला गेला, पण त्या गावात आजही युझुच होतं. मला ही गोष्ट फार आवडली. मीठ नाही परवडत तर आंबट लावा, हे घर चालवणाऱ्या माणसाचं डोकं आहे.

शेजारी उमाजी म्हणून गाव आहे, हजार माणसंसुद्धा राहत नाहीत तिथे, चारी बाजूंनी झाडी, लाकडाचा धंदा बसला तर त्यांनी वाकडंतिकडं युझु, जे बाजारात कोणी घेईना, त्याचा रस काढून मधाचं सरबत आणि जेवणावर घालायची आंबट सोया चटणी करून बाटल्या भरून देशभर विकल्या. त्या सरबताला मी सात देते, थोडं गोड होतं माझ्या तोंडाला. पण आप्पा, डागाळलेलं फळ वाया न घालवायची ती बुद्धी बघा. थंडीत लिंबाला कोणी विचारत नाही म्हणून तुम्ही गोण्याच्या गोण्या बांधावर ओतलेल्या मला आठवतात. मी लहान होते, मला वाटायचं पिवळा ढीग किती छान दिसतोय, आणि तुम्ही तिकडे पाठ करून बसला होतात.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, आई तू बस आधी. इथे ठेचा आहे! युझु-कोशो नाव. हिरवी मिरची, हिरव्या युझुची साल आणि मीठ, एवढंच वाटून मुरत ठेवतात. कोशो म्हणजे बाकी जपानात मिरी, पण शेजारच्या क्युशू बेटावर मिरचीलाच कोशो म्हणायची पद्धत, तिकडचाच हा पदार्थ. जपानी माणूस तिखट खात नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ते मागे घेते. बरणीचं झाकण उघडलं तेव्हा मला आपला खलबत्ता दिसला डोळ्यासमोर. लसूण नाही, शेंगदाणे नाहीत, पण आधी तिखट लागतं आणि लगेच मागून तो वास, म्हणजे तिखट लागून डोळ्यात पाणी येतं पण तोंड गार राहतं. मी इथल्या वांग्यांचं भरीत केलं, इथली वांगी जांभळी, पाणी जास्त, आपल्या हिरव्या भरताच्या वांग्यासारखी नाहीत, त्यामुळे भाजून चाळणीत निथळत ठेवली, मग कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण, आणि मिरचीच्या जागी हे युझु-कोशो. आमच्या केंद्रात नेपाळची एक मुलगी आहे, तिने तीन वेळा घेतलं. साडेनऊ. अर्धा मार्क कापला कारण शेकोटीत भाजलेल्या वांग्याचा धुराचा वास कुठून आणू, गॅसवर तो येत नाही.

वरणावर पण घालून बघितलं, बट्टी ओव्हनमध्ये भाजली, तूप होतंच. पण वरणावर मला आपलं लिंबूच पाहिजे. वरण-बट्टीवर युझु पाच, आप्पांचं लिंबू नऊ. हे मी पक्षपात करून म्हणत नाहीये, तुरीच्या वरणाला तो धारदार आंबटपणा लागतो, युझु तुपात हरवून जातं.

चहासारखं पण पितात, म्हणजे साल बारीक चिरून साखरेत किंवा मधात मुरवायची, मग गरम पाण्यात चमचाभर. आपल्या मोरावळ्यासारखं ठेवतात बरणीत. घसा बसला होता तेव्हा आठवडाभर तेच घेतलं. आठ. बियासुद्धा टाकत नाहीत, दारूत भिजत घालतात, त्या पाण्याला बुळबुळीतपणा येतो आणि ते हाताला लावतात. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुऊन माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, आमच्या किचनमधल्या मावशींनी बाटली दिली. वहीत मी बीला १ मार्क दिला होता, तो खोडून ७ केला.

दुसरी पण फळं चाखली, त्यांचं थोडक्यात सांगते. शेजारच्या तोकुशिमा जिल्ह्यात सुदाची म्हणून छोटं हिरवं असतं, गोटीपेक्षा थोडं मोठं, ते आपल्या लिंबाच्या जवळचं, नूडल्सवर चकत्या टाकतात, सात. बुन्तान म्हणजे आपलं पपनस, पण दाणेदार आणि गोड, ते फेब्रुवारीत येतं, साडेआठ. आणि कोनात्सु म्हणून एक आहे ते मला फार नवल वाटलं, त्याची वरची पिवळी साल सुरीने बटाट्यासारखी तासतात आणि आतला पांढरा भाग ठेवतात, तो पांढरा भाग कडू नाही, गोडसर असतो, गरासकट खायचा. म्हणजे तिथेही साल आलीच. आठ.

आता कालचं सांगते, ज्यासाठी एवढं लिहितेय.

काल इथे तोजी होता, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. इथून पुढे दिवस वाढणार. आपण संक्रांतीला तीळ खातो, भोगीची भाजी करतो, तसं हे लोक त्या दिवशी गंगाफळ खातात आणि युझु टाकलेल्या गरम पाण्यात अंघोळ करतात, म्हणजे वर्षभर सर्दी-खोकला होत नाही म्हणे. तोजी या शब्दाचा दुसरा एक अर्थ गरम पाण्याने अंग बरं करणं असा पण होतो, उच्चार एकच. म्हणून ही जोडी लागली. दिवाळीच्या पहाटे आजी तू मला उटणं लावायचीस, अंधारात, चुलीवरचं पाणी, आणि मी थंडीने नाचायचे, अगदी तेच वाटलं मला.

आमच्या केंद्रात सगळ्यांना एका दिवसात अंघोळ घालणं होत नाही, एकेकाला दोघींनी धरावं लागतं, काहींना खुर्चीसकट पाण्यात सोडावं लागतं, म्हणून आम्ही शनिवारपासूनच सुरू केलं. युझु जाळीच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडले कारण गर आणि बिया नळीत अडकतात, आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना झोंबतं, त्यांच्यासाठी एकच अख्खं फळ, न कापता. चाळीस डिग्रीचं पाणी, वाफेवर तो वास, आणि पिवळी फळं तरंगतायत. रोज अंघोळीला नको नको म्हणणाऱ्या दोन आजी काल स्वतः हात पुढे करून बसल्या. एकीने फळ गालाला लावून धरलं आणि सोडेचना, मग तसंच अंग पुसलं तिचं.

आणि एक आजी आहेत, त्या तीन आठवडे जवळजवळ काही खात नव्हत्या. तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. पेज, सूप, सगळं परत जायचं. काल अंघोळ झाल्यावर दुपारच्या जेवणात किचनने सगळ्यांच्या वाट्यांवर युझुची साल किसून टाकली होती. मी झाकण काढलं, वाटी तिच्या नाकाजवळ नेली, चमचा नाही नेला, नुसती वाटी धरली. ती थांबली. मग दोन्ही हातांनी वाटी पकडली, माझ्या हातातून घेतली, आणि स्वतः प्यायली. पूर्ण नाही, अर्धी. पण स्वतः. ती काहीतरी म्हणाली ते मला कळलं नाही, सोबतच्या बाईंनी सांगितलं की ती म्हणतेय "आईचा स्वयंपाक".

मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं थोडं. मला आजी तू दिसत होतीस.

अंघोळीतल्या युझुला मी दहा दिलेत आप्पा. तुम्ही रागवा, पण दिले.

आता तुम्ही विचारणार की बी आण. माहितीये मला, छोटू हसला असेल वाचताना. आप्पा, बाहेरच्या देशातून बी किंवा रोप आणायचं तर आधी आपल्या सरकारचं परमिट लागतं आणि इकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट, खिशात घालून आणणं चालत नाही आणि आणूही नये. खैऱ्या आणि डिंक्याने तुमची किती झाडं गेली ते मी बघितलंय, त्यात आणखी एक परका रोग माझ्या हाताने आपल्या बागेत नको. शिवाय हे झाड थंडीचं, उणे नऊपर्यंत तग धरतं, बर्फ पडतो त्यावर. आपल्या मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा गेला की त्याचं काय होईल. ताजं फळ पण आणता येणार नाही. पण बंद बरणीतलं युझु-कोशो आणि सालीचा मुरंबा पुढच्या आखाजीला नक्की आणते, रजा आत्ताच टाकून ठेवलीये, आई सांजोऱ्या करून ठेव, दोन आखाज्या माझ्या बुडाल्यात.

तोवर माझं एक काम करा. आपल्या लिंबालाही साल आहे. विहिरीजवळचं जुनं झाड आहे ना, ज्याला तुम्ही फवारणी करत नाही, त्याची दोन हिरवी लिंबं तोडायची, पिवळी झालेली नको. नीट धुवायची. आई, खोबऱ्याची बारीक किसणी घे आणि फक्त वरचा हिरवा पापुद्रा, हलक्या हाताने, एका जागी दोनदा घासायचं नाही, पांढरं आलं की कडू होईल. पाव चमच्याहून जास्त नको. आजीची मुगाची खिचडी गरम गरम ताटलीत वाढायची, तूप घालायचं, आणि ताटली तिच्या हातात देताना तिच्यासमोरच वरून ते किसायचं, स्वयंपाकघरात किसून आणायचं नाही. मग घास भरवायची घाई करू नका. ताटली तिच्याजवळ राहू द्या. तिला वास घेऊ द्या. आजी, तू फक्त नाक पुढे कर, खाल्लं नाही तरी चालेल मला.

आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा हां, आणि दात, हिरड्या एकदा दाखवून घ्या, इथे कोणी खाणं सोडलं की आम्ही पहिलं तोंड तपासतो. बरेचदा चव जाते ते कवळी टोचत असते म्हणून.

आजोबांना मी तुमच्या बागेचा फोटो दाखवला आप्पा, मागच्या हस्त बहाराचा, तुम्ही टोपी घालून उभे आहात तो. त्यांनी बराच वेळ बघितला आणि झाडं किती वर्षांची, अंतर किती, पाणी कुठून हे सगळं विचारलं, मला अंतर सांगता आलं नाही. ते कळवा. आणि त्यांना जाणून घ्यायचंय की तुम्ही ताण कसा देता, म्हणजे पाणी तोडून फूल कसं काढता, मी सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना, इथे बारा महिने पाऊस. छोटू, आप्पा सांगतील तसं व्हॉइस मेसेजवर रेकॉर्ड कर, अहिराणीत बोलले तरी चालेल, मी जपानीत करून सांगेन.

उद्या सकाळची ड्युटी आहे, सहाला निघायचंय. टेबलावर शेवटचे दोन युझु आहेत, एक मी उशीजवळ ठेवलाय.

खिचडीला आजीने दहापैकी किती दिले ते त्याच दिवशी कळवा, रात्र असली तरी फोन करा.

तुमचीच,
मोठी

ता. क. छोटू, लिंबाची पिळलेली सालं फेकू नको, मीठ घालून बरणीत भर आणि गच्चीवर उन्हात ठेव, मी आले की बघू.